धुऱ्यावरचं शेपूट

मुलगी द्यायची म्हणून मुलाचं वावर, म्हणजे शेत, पाहायला गेलेला माणूस आधी एक ढेकूळ उचलतो. मुठीत दाबतो, फोडतो, नाकाशी नेतो. मग धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून एक डोळा मिटतो आणि पिकाची तासं सरळ आहेत का ते बघतो. शेवटी धुरकऱ्याला गाठतो. ज्याचं वावर मुलाच्या वावराला लागून आहे, तो धुरकरी. मुलाच्या घरचे खोटं बोलतील, फोटो तर बोलतोच, पण धुरकरी बोलणार नाही. खरं बोलायची संधी मिळावी म्हणून तो वर्षानुवर्षं थांबलेला असतो.

ढाणकीच्या नानाजींनी अशा रीतीने दोन मुली दिल्या. तिसरी अपेक्षा. तिच्या लग्नाचं निघालं आणि बोंडअळीचं साल उजाडलं. कपाशीची पऱ्हाटी छातीला लागलेली, बोंड टपोरं, आणि फोडलं की आत गुलाबी अळी आरामात बसलेली. नानाजींनी उभ्या पिकात मेंढरं सोडली आणि घरी येऊन सांगितलं, ही पोरगी वावराले द्यायची नाही. ज्याच्या घरी कापसाचं एक बोंड नाही, अशा पोराले द्यायची.

असा पोरगा पुसदला सापडला. धम्मरत्न, दुकानांच्या पाट्या आणि ट्रकांचे मागचे फाळके रंगवणारा. घरी खरोखर एक बोंड नव्हतं. त्याच्या भिंतींवर मात्र होतं, आणि पोत्यांनी होतं. गावातल्या हौशी लोकांच्या शहर शोभा समितीने त्या साली 'चित्रवाट' काढली होती. स्टँडपासून नदीपर्यंत चालत जायचं आणि भिंतीवरची चित्रं बघायची. धम्माकडे पाच भिंती आल्या. विषय 'आपलं पांढरं सोनं'. त्या साली हा विषय कोणाला सुचला, ते समितीतल्या कोणी अजून कबूल केलेलं नाही.

धम्मा महिन्यापूर्वी ढाणकीला मुलगी पाहून आला होता. दोघांना गच्चीवर थोडा वेळ बोलू दिलं. विचारायचं ठरवलेलं सगळं धम्मा विसरला. अपेक्षा म्हणाली, "पुसदले आलती तवा तुमची स्टँडवरची भिंत पाह्यली. त्या बाईच्या डोक्शावरचं गाठोडं वाकडं आहे. पडन ते." एवढंच. धम्मा त्या संध्याकाळी पुसदला उतरला आणि घरी न जाता आधी गाठोडं सरळ केलं. रंगवलेलं गाठोडं पडेल याची काळजी करणारी मुलगी जगात एकच असणार, अशी त्याची खात्री झाली. तीच हवी होती. दुसरी दाखवू नका, असं त्याने बेबीआत्याला सांगून टाकलं.

आता नानाजी पाहायला आले होते.

"घर पाहून घ्या," बेबीआत्या म्हणाली. धम्माला तिनेच वाढवलं होतं.

"घर काय पाह्यचं, बाई. चार भिंतीच असतात. याच्याजवळ पाच आहेत म्हणते, त्या दाखवा."

सोबत अपेक्षाही आली होती. मुलाचं वावर पाहायला मुलगी येत नसते. बेबीआत्याने तशी भुवई उचलली.

"वावर असतं त नसती आली," अपेक्षा म्हणाली. "भिंत मलेबी समजते, आत्या."

धम्माने सकाळी नखातला रंग रॉकेलने काढला होता आणि मग हौसेने स्वतः पोह्यांच्या ताटल्या आणून दिल्या होत्या. "पोह्यायले रॉकेलचा वास येऊन राह्यला," असं म्हणत नानाजींनी सगळे खाल्ले.

स्वयंपाकघरात बेबीआत्याने धम्माचा दंड धरला. "चार दाखव. पाचवीचं नावच काढू नको."

"काहून?"

"काहून म्हणते. अरे, त्या नेमसिंगाचा वाघ तुह्या कापसात घुसून बसला ना. अन् तू घुसू देल्ला. शेतकऱ्याले हे दिसलं त संपलं."

हे खरं होतं. पाचवी भिंत दोघांत होती. उजवीकडे धम्माचा कापूस, डावीकडे नेमसिंग पेंटरचा वाघ, मधे हद्दीचा एक खिळा. नेमसिंगने वाघ तोंडापासून सुरू केला, कारण लोक तोंड बघतात. तोंड मोठं झालं, मग तोंडाच्या मानाने पोट, पोटाच्या मानाने पाठ, आणि शेपूट यायच्या आत खिळा आला. नेमसिंग भावाला म्हणावं तसं म्हणाला, "भिया, जराशीक जागा दे." धम्मा म्हणाला, "घे." तेव्हा धम्मा शिडीवर होता आणि शिडी नेमसिंगची होती.

पहिली भिंत. स्टँड

कापूस वेचणाऱ्या बाया. गाठोडं सरळ आहे. अपेक्षाने ते पाहिलं, मग धम्माकडे पाहिलं, मग दुसरीकडे.

नानाजी भिंतीच्या टोकाला गेले. एक डोळा मिटला. बराच वेळ मिटलेला राहिला.

"ओलीत आहे का कोरडवाहू?"

"जी?"

"पाणी लागते का याले?"

"पाण्यानं खराब होते, जी."

"म्हंजे कोरडवाहू." नानाजींनी भिंतीचा एक पापुद्रा नखाने काढला, बोटांत चुरला, नाकाशी नेला. "जमीन हलकी आहे. पण पऱ्हाटी दाट लावली तुनं. झाडात अंतर किती धरलं?"

धम्माने अंतर धरलं नव्हतं. जिथे झाड बरं दिसलं तिथे झाड काढलं होतं. "दिसाले बरं दिसन असं धरलं," तो म्हणाला.

"हवा नाई खेळत याच्यात."

"बाबा, भिंतीत हवा कशी खेळन?" अपेक्षा म्हणाली.

"तेच सांगून राह्यलो. नाई खेळत."

भिंतीला लागून पंक्चरचं दुकान होतं. नानाजी थेट तिथे गेले. धम्मा घाईने मागोमाग गेला. धुरकरी.

"जय भीम. हा पोट्टा कसा आहे?"

पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवून ठेवली आणि विचार केला. बुडबुडे येत राहिले. "चांगला आहे. काम करता करता गाणं म्हणते."

"मंग?"

"मंग काही नाई. आवाज नाई त्याले. तीन कडवे म्हणते, अन् चौथं येत नाई म्हून पुन्हा पह्यल्यापासून. मी चौथं कडवं शिकवाले तयार होतो. पण माणूस इतका मन लावून चुकत असला की मधात बोलू वाटत नाई."

नानाजींनी हे मनाशी नोंदवलं. कोणत्या बाजूला नोंदवलं, ते धम्माला कळलं नाही.

(रस्ता ओलांडा. डावीकडून ऑटो येतो. तो थांबत नाही.)

दुसरी भिंत

दिसत नाही. समोर कांद्याचा ट्रक उभा आहे.

ट्रकच्या फाळक्यावर दोन मोर, एक कमळ आणि 'जरा हळू, घरी वाट पाहून राह्यले' असं लिहिलेलं होतं. धम्मा खाली बघून म्हणाला, "हेबी माह्यंच आहे, जी."

"भिंत तुही, अन् भिंतीसमोरचा ट्रकबी तुहाच?"

"हाव."

"दुबार पीक," नानाजी म्हणाले, आणि पहिल्यांदा जरा खूश दिसले.

तिसरी भिंत. बैल

कापसाने भरलेली बैलगाडी. बैल उत्तरेकडे निघालेला आहे, म्हणून त्याचं तोंड बँकेच्या बाजूला येतं आणि मागचा भाग चहाच्या टपरीवर.

नानाजींनी विचारायचीही गरज पडली नाही. चहावाला चाळणी हातात घेऊनच बाहेर आला.

"तुमी पाहुणे का याचे? मंग ऐका. सकाळपासून रात्रीलोक मी या बैलाच्या बुडाकडे पाहून चहा उकयतो. बँकेतल्या साहेबाले तोंड देल्लं. मले हे."

"तू सांगतलं नाई त्याले?"

"सांगतलं ना. म्हणे बैल फिरवतो, पण मंग गाडी उलटी होते, अन् कापूस बँकेत सांडते." चहावाल्याने चाळणी झटकली. "आता गिऱ्हाईकच पत्ता सांगते, बैलाच्या मागं भेट. पाटी रंगवाले सांगाले गेलतो त हाच म्हणे पाटी कायले, बैल आहे ना. धंदा वाढला, खोटं कायले बोलू. पण ते शेपूट जरा तरी आडवं घ्याचं होतं."

"शेपूट," बेबीआत्या घाईने म्हणाली, "चला पुढं, ऊन लागते." शेपटाचा विषय तिला नको होता.

चौथी भिंत

शाळेच्या कुंपणावर एकच बोंड, दारापेक्षा उंच, पूर्ण फुटलेलं. धम्माला हे चित्र स्वतःचं सगळ्यात चांगलं वाटायचं. मावळतीचा उजेड पडलाय असं दाखवायला त्याने पांढऱ्यात थोडा गुलाबी घोळवला होता.

नानाजी थांबले. दोन पावलं मागे गेले.

"अळी आहे."

"नाई जी. संध्याकाळचा उजेड आहे तो."

"संध्याकाळ बोंडाच्या आत कशी शिरली?"

रस्त्यावरून जाणारा एक जण सायकल थांबवून म्हणाला, अळीच आहे, मी रोज पाहतो, वाढून राह्यली. दुसरा म्हणाला, आता फवारून फायदा नाई, आधीच फवाराले पाह्यजे होतं. तिसऱ्याने औषधाचं नावच सांगितलं. पहिला म्हणाला, ते औषध बोगस आहे, त्यापेक्षा चुना मारा. शाळेच्या कुंपणाला कोणतं औषध मारावं यावर चांगलीच बैठक बसली. ज्याने त्याने आपापलं वावर सांगितलं, आपापली अळी सांगितली. धम्मा मधे उभा राहून "उजेड आहे हो तो" असं अधूनमधून म्हणत होता.

नानाजींनी हात पुढे करून गुलाबीवर ठेवला.

"माह्या वावरातबी असंच दिसलं होतं," ते म्हणाले. "दुरून उजेडच वाटला."

मग सायकलवाला म्हणाला, "मेंढरं सोडा याच्यावर," आणि सगळे हसले. नानाजीही. बेबीआत्याने संधी साधली. "झालं पाहून. चला घरी, वरण-पोळीचा बेत आहे."

"पाचवी?"

"पाचवी अजून झाली नाई, जी. चारच."

"स्टँडवरच्या चित्रवाटेच्या फलकावर पाच टिकल्या होत्या, बाई. माह्ये डोळे कापसात फसले असन, टिकल्या मोजाले नाई फसत."

(इथून नदीकडे सरळ. वाटेत एक सावली आहे, तिथे बेबीआत्या बसून घेते आणि मला चालवत नाही म्हणते. थोड्या वेळाने उठून सगळ्यांच्या पुढे चालू लागते.)

पाचवी भिंत

लांबूनच दिसली. डावीकडे वाघ, भला थोरला. नेमसिंग त्याच शिडीवर चढून मिशा जाड करत होता. उजवीकडे धम्माचा कापूस. आणि खिळ्याच्या पलीकडून आलेलं, कापसाच्या पहिल्या दोन तासांवर निवांत पसरलेलं पिवळंकाळं शेपूट.

नानाजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. खिळ्याला लावला, शेपटाच्या टोकापर्यंत ताणला, मग हातावर मोजला. "हात अन् वर वीत," ते म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. "तुले माहीत होतं?"

"हाव."

"अन् तू गप्प?"

"शेपूटच आहे, जी. अंग त्याच्याच बाजूले आहे."

"शेपूटच असते पह्यले. मंग पाय येते. माह्या मोठ्या जवायानं धुऱ्यावर एक बाभूळ येऊ देल्ली, आज धुरकरी तिच्या पलीकडं वखर फिरवते." नानाजींनी दुपट्ट्याची घडी घालायला घेतली. घडी घालणं म्हणजे निघणं. "ज्याले आपला धुरा राखता नाई येत, त्याच्या घरी माही पोरगी काय राखन? चाल, अपेक्षा."

अपेक्षा हलली नाही, पण धम्माकडे तिने असं पाहिलं, जणू गाठोडं पुन्हा वाकडं झालं असावं. भांडायचं म्हणजे कसं, ते धम्माला येत नव्हतं.

नानाजी मात्र जाता जाता शिडीखाली थांबले. राहवलं नाही.

"ओ पेंटर. तुमचं जनावर आमच्या कापसात काहून?"

बेबीआत्याने धम्माला कोपर मारलं. "आमच्या म्हणले. ऐकलं का? आमच्या."

नेमसिंगने खाली पाहिलं. "वाघ आहे, काका. त्याले धुरा कायले समजते?"

"वाघाले नसन समजत. मालकाले समजला पाह्यजे."

"त्यानं सोताहून जागा देल्ली. इचारा."

"शिडी धरून मागतली असन."

नेमसिंगचा ब्रश मिशीवरच थांबला. आपण शिडी धरूनच मागितली होती हे या म्हाताऱ्याला कोणी सांगितलं, ते त्याला समजेना. भोवती माणसं जमली. चौथ्या भिंतीवरची बैठक तशीच उठून इथे आली होती. अर्धे म्हणाले, शेपूट कापा. अर्धे म्हणाले, शेपटाशिवाय वाघ म्हणजे मांजर. सायकलवाला म्हणाला, मांजरालेबी शेपूट असते. त्यावर दोन्ही पक्ष त्याच्यावर चिडले.

"कोणी हात लावला त शिडी घेऊन चाललो मी," नेमसिंग म्हणाला. "सहा दिवस बसलो या शेपटावर. एक एक पट्टा मोजून काढला."

धम्माने पाहिलं, पट्टे खरंच सुरेख होते. असं शेपूट त्याला स्वतःला जमलं नसतं. ते पुसायचं कसं? आणि नाही पुसलं तर ढाणकीची शेवटची गाडी संध्याकाळी सुटत होती.

अपेक्षा त्याच्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "वावरात दुसऱ्याचं ढोर घुसलं त काय करते, एवढं तरी माहीत आहे का तुमाले?"

"हाकलते?"

"कापसाच्या मुलखात पैदा झाले तुमी, अन् एक बोंड नाई समजत." ती हसू दाबत होती. "कोंडवाड्यात टाकते."

धम्माने एकदा शेपटाकडे पाहिलं. मग पिशवीतून डबे काढले.

त्याने शेपटाला हात लावला नाही. शेपटाभोवती दगड काढले. एकावर एक, करड्या रंगाचे, नीट सांधे भरून. कोंडवाड्याची भिंत उभी राहिली. पुढे लाकडी फाटक, त्याला जाड कडी. वर पाटी काढली: कोंडवाडा. आत बंदोबस्तात एक शेपूट. पाट्या रंगवणं हाच त्याचा धंदा होता, अक्षर असं उतरलं की पंक्चरवाला, तोही एव्हाना आला होता, म्हणाला, आता गाणं म्हण, आज शोभन. धम्मा खरोखर गुणगुणत होता. तीन कडवी झाली आणि पंक्चरवाल्याने चौथं सांगून टाकलं.

काम संपलं असं वाटलं, पण धम्मा थांबला नाही. फाटकाच्या आत त्याने पाण्याचं टाकं काढलं, काठोकाठ भरलेलं. आणि शेजारी कडब्याची एक पेंढी.

नेमसिंग शिडीवरून उतरून जवळ आला. "अबे, वाघ कडबा खाते का?"

धम्मा गोंधळला. "वाघ नाई खात. पण आत शेपूटच आहे. शेपूट काय खाते ते मले माहीत नाई. उपाशी कसं ठेवू?"

लोक हसले. नानाजी हसले नाहीत. ते भिंतीजवळ गेले, एक डोळा मिटला, मग उघडला आणि दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. दुपट्टा पुन्हा खांद्यावर टाकला.

"कोंडवाड्यात माह्यं वासरू गेलतं एक डाव," ते म्हणाले. "दोन दिवस. घरी आणलं तवा जीभ बाहेर होती. कोण्या मायच्या लालानं पाणी नाई दाखवलं." ते नेमसिंगकडे वळले. "तुमचं जनावर डांबलं, पण चारापाणी केलं. दंड भरा अन् घेऊन जा."

"कायचा दंड?"

"सगळ्यायले चहा."

नेमसिंग कुरकुरत बैलाच्या मागच्या टपरीवर गेला आणि किटली घेऊन आला. चहा पिऊन झाल्यावर धम्मा पांढरा डबा उघडून कोंडवाडा पुसायला निघाला, दंड भरला म्हणून. तेवढ्यात नेमसिंगनेच त्याचा हात धरला. समोर शाळेतली पोरं जमली होती आणि रांग लावून कोंडवाड्यातलं शेपूट बघत होती. इतके दिवस वाघाच्या तोंडापुढे कोणी थांबलं नव्हतं.

"राहू दे, भिया," नेमसिंग म्हणाला. "उलट एक चूक झाली माही. वाघ तिकडं पाहून राह्यला. आपलं शेपूट कोंडलं अन् त्याले पत्ताच नाई." तो शिडी उचलून डावीकडे गेला, आणि एवढ्या मेहनतीने जाड केलेल्या मिशांवर पांढरा फासून तोंड मागे वळवायला बसला.

नानाजी अपेक्षाकडे वळले. "धुरा त नाई राखला पोट्ट्यानं. पण धुऱ्यावर आलेलं उपाशी नाई ठेवलं. तुह्यं काय म्हणणं?"

अपेक्षा कोंडवाड्यापाशी वाकली. खूप वेळ पाहिलं. धम्माने श्वास धरला होता. बेबीआत्याने त्याच्याहून जास्त.

"कडी आतून काढली यायनं," अपेक्षा म्हणाली. "शेपटाच्या मनात आलं त सोताच दार उघडन."

धम्माने पाहिलं. खरंच आतून होती. तो लगबगीने ब्रश शोधू लागला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मलेबी आतूनच बरी वाटते."

नानाजींना यातलं काही कळलं नाही, पण पोरगी गाडीच्या वेळेची आठवण काढत नाही, एवढं त्यांना दिसलं. त्यांनी बेबीआत्याला विचारलं, वरणपोळीचा बेत खरा होता का.

"खोटा होता," बेबीआत्या म्हणाली. "पण आता करते."